पेटीतली चित्रे आणि त्यांची सनद

१९१६ साली मुंबईत 'वीसमी सदी' नावाचे एक गुजराती मासिक निघाले. वीसमी सदी म्हणजे विसावे शतक. त्याचे संस्थापक आणि संपादक होते हाजी महंमद अल्लारखिया शिवजी. मूळच्या कच्छच्या खोजा व्यापारी घराण्यात १३ डिसेंबर १८७८ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. घरात पैशाची ददात नव्हती. पण हाजी महंमदांचे मन पेढीपेक्षा पुस्तकांत आणि चित्रांत जास्त रमे. 'सलीम' या टोपणनावाने ते लिहीत. इंग्रजीत निघणारी देखणी सचित्र मासिके पाहून त्यांना वाटे, असे काहीतरी आपल्या भाषेतही हवे.

त्या काळी सचित्र मासिक काढणे सोपे नव्हते. आधी चित्रकाराकडून चित्र काढून घ्यायचे, मग त्याचा धातूचा ब्लॉक करवून घ्यायचा, मग चांगल्या कागदावर छापायचे. चित्र रंगीत असेल तर प्रत्येक रंगाचा ब्लॉक वेगळा. हाजी महंमदांनी हे सगळे हौसेने केले. रविशंकर रावळ या तरुण चित्रकाराला त्यांनी हाताशी धरले. कन्हैयालाल मुनशींच्या कादंबऱ्या त्यांच्या मासिकातून क्रमशः आल्या. मासिकापायी त्यांनी घरचा पैसा ओतला. २१ जानेवारी १९२१ रोजी, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, त्यांचा इंतकाल झाला आणि त्यांच्यामागे 'वीसमी सदी'ही थांबले.

पण त्यांची आठवण थांबली नाही. १९२२ साली रावळांनी हाजी महंमदांचा स्मारकग्रंथ संपादित केला. १९२४ साली त्याच रावळांनी अहमदाबादेत 'कुमार' हे मासिक सुरू केले, आणि गुजरातीत चित्रांसह चांगले मासिक काढण्याची परंपरा पुढे गेली. त्यानंतर अनेक दशकांनी काही कलाप्रेमी मंडळींनी 'वीसमी सदी'चे जुने अंक गोळा केले, पानापानाने स्कॅन केले आणि सगळ्यांसाठी खुले केले. आज घरबसल्या ती चित्रे पाहता येतात. एका मुसलमान संपादकाने मुंबईत बसून गुजराती भाषेला काय दिले, हे नव्या पिढीला डोळ्यांनी दिसते.

हे शक्य झाले ते कुणीतरी ते अंक जपून ठेवले म्हणून. कुणाच्या कपाटात, कुणाच्या ग्रंथालयात, बांधीव खंडांच्या रूपात ते राहिले. ज्या घरांतून ते रद्दीत गेले, त्या घरांनी या कामात काहीच दिले नाही. वाचक बंधू-भगिनींनो, आज मला आपल्या घरांविषयी लिहायचे आहे.

आपल्या घरातल्या दोन वाटा

मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. आपल्या समाजातील घरांशी त्यामुळे रोजचा संबंध येतो. माझ्या पाहण्यात जुन्या उर्दू पुस्तका-मासिकांच्या दोनच वाटा आहेत. पहिली रद्दीवाल्याकडे जाते. दुसरी वाट अदबीची आहे. उर्दू लिपीतल्या कागदावर कुठे अल्लाहचे नाव असेल, कुठे आयत असेल, म्हणून तो पायदळी येऊ नये, ही काळजी आपण लहानपणापासून शिकतो. म्हणून मशिदीबाहेर 'मुकद्दस औराक'ची पेटी असते, गल्लीत खांबाला पिशवी टांगलेली असते. जुने कागद त्यात टाकले की नंतर कुणीतरी ते नेऊन दफन करतो किंवा वाहत्या पाण्यात थंडे करतो.

ही अदब चांगलीच आहे आणि ती राहायला हवी. पण त्या पेटीत पवित्र मजकुराबरोबर काय काय जाते, तेही कधी पाहावे. दिल्लीहून निघणारे मुलांचे मासिक 'खिलौना' जाते. ते १९४८ पासून १९८७ पर्यंत निघत होते आणि उर्दू वाचणाऱ्या घरांत मुले त्याची वाट पाहत. रामपूरचे 'नूर' जाते. बायकांची मासिके जातात, शिवणकामाचे नमुने, पाककृती, गोष्टींची रेखाचित्रे, साबण-सुरम्याच्या जाहिराती, सगळे जाते. रद्दीवाल्याकडे गेलेले आणि पेटीत गेलेले, दोन्ही शेवटी नाहीसेच होते. फरक एवढाच, की एकात चार पैसे मिळतात आणि दुसऱ्यात मनाला समाधान.

मध्ये एक तिसरी पायरी घालता येते. कागदाला निरोप द्यायच्या आधी त्यातली चित्रे टिपून घ्यायची. मग मूळ कागद सांभाळण्यासारखा असेल तर सांभाळावा, अगदीच भुगा झाला असेल तर अदबीने निरोप द्यावा.

चित्रेच का?

आपल्या महाराष्ट्रातल्या कितीतरी मुस्लिम घरांत आज नातवंडे मराठी किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. दादी-नानीची उर्दू त्यांना बोलताना कळते, वाचता येत नाही. उर्दू मासिक त्यांच्या हातात दिले तर ती दोन पाने उलटून ठेवून देतात. पण त्याच पानावर चित्र असेल तर हात थांबतो.

हे मी वर्गात पाहिले आहे. मराठीच्या तासाला मुलांना घरातले एखादे जुने पुस्तक किंवा मासिक आणायला सांगितले होते. एका मुलीने नानीच्या पेटीतला, मुखपृष्ठ गेलेला एक उर्दू अंक आणला. त्यात एका गोष्टीबरोबर रेखाचित्र होते. विहिरीच्या काठावर एक म्हातारी, तिच्या हातात कंदील, आणि मागे अंधारात कुणीतरी उभे. वर्गातल्या बहुतेक मुलांना त्यातले एक अक्षर वाचता येत नव्हते. तरी सगळे विचारू लागले, "टीचर, हा मागे कोण आहे? चोर आहे का?" ज्या दोघा-तिघांना उर्दू येत होते, ती मुले त्या दिवशी वर्गात एकदम महत्त्वाची झाली. त्यांनी अडखळत गोष्ट वाचली, बाकीच्यांनी ऐकली. मागे उभा असलेला माणूस म्हातारीचा परत आलेला मुलगा निघाला.

दुसऱ्या आठवड्यात त्या मुलीच्या नानीने निरोप पाठवला, की तिची नात आता रोज अलिफ-बे गिरवते. पाठ्यपुस्तकातून मला जे साधले नव्हते, ते त्या एका चित्राने केले. वाचता न येणाऱ्यालाही चित्र आत घेते आणि मग त्यालाच वाचायची गरज वाटू लागते.

आणखी एक गोष्ट. जुन्या चित्रांत आपले जगणे आहे. दारातला पडदा, ओसरीवरचा पानदान, इदगाहला जाणारी मुले, बैलगाडीतून माहेरी निघालेली बाई. आपल्या आजोबा-पणजोबांच्या फोटोंची संख्या बहुतेक घरांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असते. ते कसे राहत, काय नेसत, बाजार कसा भरत असे, हे पुष्कळदा पुस्तकांतल्या चित्रांतूनच कळते.

मुंबईचे उदाहरण घ्या. कोल्हापूरला जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून तिथेच शिकवणारे एम. व्ही. धुरंधर (१८६७–१९४४) हे आपल्या महाराष्ट्राचे थोर चित्रकार. एस. एम. एडवर्ड्स यांच्या 'बाय-वेज ऑफ बॉम्बे' या इंग्रजी पुस्तकासाठी त्यांनी चित्रे काढली. मुंबईच्या गल्ल्या, तिथले सिद्दी, तिथली माणसे असा त्या पुस्तकाचा विषय आहे. पुढे १९२० साली ऑटो रॉथफील्ड यांचे 'विमेन ऑफ इंडिया' निघाले. त्यातही धुरंधरांचीच चित्रे आहेत, आणि त्यांत खोजा, मेमन आणि बोहरा स्त्रियाही आहेत. शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईत आपल्या वेगवेगळ्या जमातींच्या बायका कशा वावरत, हे त्या रंगीत पानांवर दिसते. ही पुस्तके स्कॅन झाली म्हणून आज ती कुणालाही विनामूल्य पाहता येतात.

सनद नसलेले चित्र

आता या लेखातला मुख्य मुद्दा. चित्र टिपणे आज सोपे झाले आहे. मोबाइल प्रत्येकाच्या हातात आहे. पण टिपलेले चित्र पुढे पाठवताना आपण त्याची सनद तोडतो. चित्राभोवतीची पांढरी चौकट कापतो, खालची ओळ कापतो, कोपऱ्यातली चित्रकाराची सही कापतो, आणि उरलेले 'किती सुंदर!' म्हणून व्हॉट्सअॅपवर सोडून देतो. ते दहा गटांत फिरते. मग ते चित्र कुठल्या पुस्तकातले, कुणी काढले, कधीचे, हे कुणालाच सांगता येत नाही.

आपल्याला सनद म्हणजे काय ते वेगळे समजावून सांगायला नको. हदीसच्या अभ्यासात मतन कितीही सुंदर असले तरी आधी विचारतात, हे कुणाकडून आले? त्याने कुणाकडून ऐकले? साखळी तुटली की रिवायत कमजोर ठरते. ज्यांच्याकडे एवढी बारीक पद्धत विकसित झाली, त्यांनी तरी चित्र पाठवताना 'कुठून आले' हे लिहायला कंटाळू नये.

सनद तुटली की काय होते, त्याचे सगळ्यांच्या ओळखीचे उदाहरण टिपू सुलतानचे आहे. 'टिपू सुलतानचा खरा फोटो' म्हणून एक छायाचित्र वर्षानुवर्षे फिरते. टिपू सुलतान ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टणमला शहीद झाले. छायाचित्रणाची कला जगापुढे आली १८३९ साली. म्हणजे टिपूंचा फोटो असूच शकत नाही. ते छायाचित्र पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या, एकोणिसाव्या शतकातल्या एका माणसाचे आहे. पण त्याची मूळ ओळ कधीतरी कापली गेली आणि कुणीतरी नवी ओळ चिकटवली. त्या फोटोवरून मग एक बाजू टिपूंची थट्टा करते, दुसरी बाजू चिडते. दोघे भांडतात ते तिसऱ्याच माणसाच्या फोटोवरून.

दुसरे उदाहरण चांदबिबीचे. अहमदनगरच्या निजामशाहीसाठी मोगलांशी झुंजलेल्या या राणीचे, घोड्यावर बसून हातावर ससाणा घेतलेले एक सुंदर चित्र पुष्कळ ठिकाणी छापलेले दिसते. ते दख्खनी शैलीतले चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. तिथल्या नोंदीनुसार ते साधारण १७०० सालचे आहे. चांदबिबी मारली गेली ती १६००च्या सुमारास. म्हणजे चित्रकाराने तिला पाहिलेले नव्हते. शंभर वर्षांनंतरही दख्खनच्या लोकांच्या मनात ती कशी होती, ते त्याने रंगवले. ही नोंद सोबत असेल तर चित्राची किंमत कमी होत नाही. उलट ते चित्र आपल्याला आणखी एक गोष्ट सांगते, की शंभर वर्षे तिची आठवण टिकली होती. नोंद नसेल तर आपण मुलांना 'ही पाहा चांदबिबी अशी दिसायची' असे सांगून मोकळे होतो.

धुरंधरांच्या त्या खोजा स्त्रीच्या चित्राची सही आणि ओळ कापून उद्या कुणी ते 'मोगल बेगम' म्हणून फिरवले, तर मुंबईच्या एका जमातीचा पुरावा आपण आपल्याच हाताने पुसलेला असेल.

सनदेत काय लिहावे

फार काही लागत नाही. प्रत्येक चित्रासोबत पाच गोष्टी लिहा.

एक, पुस्तकाचे किंवा मासिकाचे नाव. दोन, गाव आणि प्रकाशक. तीन, साल आणि महिना. चार, पानाचा क्रमांक. पाच, चित्रकाराचे नाव. नाव छापलेले नसेल तर सही जशी दिसते तशी लिहा, आणि सहीही नसेल तर 'चित्रकाराचे नाव छापलेले नाही' असे स्पष्ट लिहा. अंदाजाने कुणाचेही नाव घालू नका.

जुन्या उर्दू अंकांवर पुष्कळदा हिजरी साल असते. ते आहे तसे लिहून शेजारी इसवी साल लिहा. हिजरी वर्ष इसवी वर्षाच्या मध्येच सुरू होते, म्हणून नुसती वजाबाकी करू नका. १४०० हिजरी हे वर्ष १९७९च्या नोव्हेंबरात सुरू होऊन १९८०च्या नोव्हेंबरात संपले. महिना पाहूनच साल ठरवा. दगडी छापाच्या पुस्तकात कातिबाचे नावही कोपऱ्यात बारीक अक्षरात असते. शिळाप्रेसवर अक्षर आणि चित्र एकाच दगडावरून उमटत असे, त्यामुळे त्या पानाच्या सौंदर्यात कातिबाचा वाटा चित्रकाराइतकाच असतो. त्याचेही नाव नोंदवा.

आणि जमेल तर सहावी गोष्ट लिहा. हा अंक कुणाच्या घरातला, त्या घरात तो कसा आला. 'मरहूम दादांनी भिवंडीत पॉवरलूमवर काम करताना दर महिन्याला विकत घेतलेला' एवढे एक वाक्य पुरे. या वाक्यासाठी घरातल्या बुजुर्गांना आताच विचारा. उर्दू वाचणारी, त्या चित्राखालची ओळ सांगणारी माणसे प्रत्येक घरात एक-एक करून कमी होत आहेत. अंक दहा वर्षांनीही स्कॅन करता येईल, पण ती ओळ वाचून दाखवणारी नानी दहा वर्षांनी असेलच असे नाही.

टिपायचे कसे

स्कॅनर असेल तर उत्तम. नुसता मजकूर असेल तर ३०० डीपीआय पुरते. चित्रांसाठी ६०० ठेवा. डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके टिपले जातात त्याचे माप. जुन्या छपाईतले फोटो आणि रंगीत चित्रे बारीक ठिपक्यांनी बनलेली असतात. ती स्कॅन केल्यावर कधी कधी जाळीसारखी लहर दिसते. स्कॅनरच्या सेटिंगमध्ये 'डिस्क्रीन' हा पर्याय असेल तर तो अशा वेळी वापरा. कागद पातळ असेल तर मागच्या पानावरचा मजकूर पुढे उमटतो. पानामागे एक काळा कागद ठेवला की तो दिसेनासा होतो.

स्कॅनर नसेल तर मोबाइलही चालतो. सकाळी खिडकीजवळ, थेट ऊन पडणार नाही अशा जागी पान सपाट ठेवा. फ्लॅश बंद ठेवा. मोबाइल पानाला समांतर धरा, तिरका नको. कागद पांढराशुभ्र करून दाखवणारे फिल्टर वापरू नका. पिवळेपणा हा त्या कागदाचा खरा रंग आहे, आणि फिल्टरमध्ये बारीक रेषा उडून जातात. पान चारही कडांसकट घ्या. कापायचे असेल तर नंतर एक वेगळी प्रत करून तीच कापा. मूळ प्रत कायम अखंड ठेवा.

बांधलेला खंड पूर्ण उघडून दाबू नका, शिवण तुटते. सुटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. काही वर्षांत टेप निघते आणि तपकिरी डाग मागे राहतो. लॅमिनेशन तर मुळीच नको. कोकणात आणि मुंबईत दमटपणा फार, म्हणून पेटी भिंतीला लावून किंवा थेट जमिनीवर ठेवू नका. पावसाळा संपल्यावर एकदा सावलीत पाने मोकळी करा आणि कसर लागली आहे का ते पाहा.

उर्दू अंक स्कॅन करताना एक लक्षात ठेवा. ते उजवीकडून उघडतात. सवयीने डावीकडून सुरू केले तर सगळी पाने उलटी लागतात. पहिल्या पानापासून क्रमाने घ्या आणि फाइलच्या नावात मासिक, साल, महिना आणि पान लिहा. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवले तर चित्र दाबले जाते आणि बारकावे जातात. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. सनद चित्राच्या खालच्या रिकाम्या जागेत लिहूनच पाठवा, म्हणजे पुढे जाताना ती गळून पडणार नाही.

हक्क कुणाचा?

अंक आपल्या घरात आहे, म्हणजे त्यातले चित्र आपले झाले असे नाही. तो कागद आपला आहे; चित्रावरचा हक्क चित्रकाराचा आणि त्याच्या वारसांचा असू शकतो. आपल्या देशाच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे साधारण नियम असा, की चित्रकाराच्या हयातीत आणि तो वारल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हा हक्क राहतो. निनावी कामासाठी ६० वर्षे प्रकाशनानंतर मोजतात.

धुरंधर १९४४ साली वारले. त्यांच्या चित्रांवरचा हक्क २००४च्या अखेरीस संपला. आता ती सर्वांची आहेत. पण मराठी मासिकांची मुखपृष्ठे गाजवणारे दीनानाथ दलाल १९७१ साली गेले. त्यांच्या चित्रांचा हक्क २०३१च्या अखेरपर्यंत आहे. 'वीसमी सदी'शी जोडलेले रविशंकर रावळ १९७७ साली वारले, म्हणजे अंक शंभर वर्षांचा झाला तरी त्यांच्या चित्रांबाबत सन २०३७ पर्यंत विचार करावाच लागेल. स्वतःच्या अभ्यासासाठी पान टिपून ठेवणे वेगळे आणि ते छापून विकणे वेगळे. जिथे हक्क अजून चालू आहे, तिथे प्रकाशकाला किंवा वारसांना विचारावे. बहुतेक वेळा आपल्या वडिलांचे काम कुणी आठवणीने मागतो आहे, याचा त्यांना आनंदच होतो. न विचारता घेतलेली चीज आपल्या घरात आपण चालवून घेत नाही; चित्राला वेगळा नियम का असावा?

आणखी एक खबरदारी. जुन्या मासिकांत वाचकांची पत्रे, मुला-मुलींचे फोटो, 'कलमी दोस्ती'च्या रकान्यात नाव-पत्ते असतात. ती मुले आज कुणाची अम्मी, कुणाचे अब्बू आहेत. असे फोटो आणि पत्ते चारचौघांत फिरवू नयेत. ते घरच्या संग्रहापुरते ठेवावेत.

काही वाचकांच्या मनात तसविरीचा मसला येईल. सजीवांच्या चित्रांबाबत उलेमांमध्ये वेगवेगळी मते आहेत, आणि ज्या घरात जे मत मानले जाते त्याचा आदर ठेवूनच हे काम करावे. ज्यांना सजीवांची चित्रे नकोत, त्यांच्यासाठीही जुन्या पुस्तकांत खूप काही आहे. कातिबांची खुशखती, पानांच्या वेलबुट्ट्या, मशिदींची आणि किल्ल्यांची रेखाचित्रे, नकाशे, भरतकामाचे नमुने. यांतले पुष्कळ काम सर्वांत दुर्लक्षित आहे, कारण त्याला कुणी चित्रच समजत नाही.

ठेवायचे कुठे, द्यायचे कुणाला

मोठ्या संस्था हे काम मोठ्या प्रमाणावर करत आहेत. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीने २०१३च्या डिसेंबरात जुन्या पुस्तकांतली दहा लाखांहून अधिक चित्रे एकदम सर्वांसाठी खुली केली. त्याच वर्षी आपल्या देशात संजीव सराफ यांनी 'रेख्ता' सुरू केले. आज तिथे उर्दूची हजारो पुस्तके आणि जुनी मासिके पानापानाने पाहता येतात. मराठीत बालभारतीने 'किशोर' मासिकाचे नोव्हेंबर १९७१ पासूनचे जुने अंक विनामूल्य उपलब्ध करून दिले आहेत. पालकांनी ते मुलांसोबत बसून जरूर पाहावेत. पन्नास वर्षांतले मराठी चित्रकार एका जागी भेटतात.

पण या संस्थांकडे जे पोहोचले तेच त्यांना टिपता येते. महाडच्या, मालेगावच्या, औरंगाबादच्या, सोलापूरच्या घरात पोटमाळ्यावर जे आहे, ते तिथे आपोआप पोहोचणार नाही. गावच्या जलशाचे पत्रक, स्थानिक छापखान्यात निघालेले मुलांचे पुस्तक, एखाद्या अंजुमनच्या शाळेची जुनी वार्षिक स्मरणिका, यांच्या प्रती मोठ्या ग्रंथालयांतही नसतात. कदाचित जगातली शेवटची प्रत आपल्याच पेटीत असेल.

म्हणून सुरुवात घरापासून करा. टिपलेली चित्रे दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. एकाच मोबाइलवर ठेवली तर मोबाइलबरोबर जातील. एक प्रत शाळेच्या ग्रंथालयाला द्या. संग्रह मोठा असेल आणि मूळ अंक सांभाळणे जमत नसेल, तर मुंबईत अंजुमन-ए-इस्लामच्या उर्दू संशोधन संस्थेची करीमी लायब्ररी आहे, तुमच्या शहरातही एखादे जुने वाचनालय असेल; तिथल्या जबाबदार माणसाला आधी यादी दाखवून विचारा. न विचारता पोती भरून नेऊन टाकू नका.

आपल्याकडे रमजानच्या आधी घर झाडून-पुसून लख्ख करतात. पोटमाळा उतरवतात, पेट्या उघडतात. जुने कागद सर्वांत जास्त बाहेर जातात ते याच दिवसांत. या वर्षी उर्दू कागदांचे गाठोडे मशिदीच्या पेटीकडे निघाले, की ते एक दिवस थांबवा. मुलांना बसवा, त्यांना चित्रे शोधायला सांगा. त्यांच्या हातात मोबाइल द्या, आणि दादी-नानीला शेजारी बसवून एकेका चित्राखालची ओळ वाचून घ्या. मुलगा मराठीत लिहून घेईल, नानी उर्दूत सांगेल. एका दुपारी पंधरा-वीस चित्रे सहज होतात, आणि प्रत्येकाखाली त्याची सनद असते.